बर्लिनमध्ये १४९ कवट्या मोजणाऱ्या इरावती कर्वे, आणि आजच्या दातांच्या मापाशी त्यांचं नातं

दातांना तार लावायची म्हटलं की आपल्याला खर्च आठवतो आणि दीड-दोन वर्षांचा त्रास आठवतो. पण तार लागण्याच्या आधी एक काम होतं, ज्याकडे पेशंटचं फारसं लक्ष जात नाही. ते म्हणजे मोजमाप.

दौलताबादहून साधारण १५ किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे जा किंवा कुठल्याही ऑर्थोडॉन्टिस्टकडे जा, पद्धत सारखीच. आधी तोंडात गार, चिकट लगदा भरलेला ट्रे दाबून जबड्याचा ठसा घेतात. त्यात प्लास्टर ओतून मॉडेल बनवतात. मग कॅलिपरची दोन टोकं एकेका दाताच्या दोन्ही बाजूंना टेकवून त्याची रुंदी मोजतात. हल्ली बऱ्याच ठिकाणी लगदा गेला आणि जाड पेनासारखा स्कॅनर आला. तो तोंडात फिरवला की स्क्रीनवर जबडा उभा राहतो आणि माऊसच्या दोन क्लिकमध्ये माप मिळतं.

मग हाताचं माप खरं की कॉम्प्युटरचं? हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. माणसाचं हाड मोजताना चूक कुठे होते, आणि मोजणाऱ्याच्या मनात आधीच उत्तर ठरलेलं असेल तर काय होतं, हे पाहायचं असेल तर एका मराठी बाईची गोष्ट वाचायला हवी. शाळेच्या पुस्तकात किंवा 'युगान्त'च्या मुखपृष्ठावर तुम्ही त्यांचं नाव वाचलं असेल. इरावती कर्वे.

नदीचं नाव

इरावतींचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातल्या म्यिंग्यानचा. वडील गणेश हरी करमरकर तिथल्या कापूस कंपनीत इंजिनियर होते. तिथून वाहणाऱ्या इरावदी नदीवरून मुलीचं नाव ठेवलं गेलं. सातव्या वर्षी तिला शिकायला पुण्याला पाठवलं, हुजूरपागेत. तिथे वर्गात शकुंतला परांजपे भेटल्या आणि पुढे रँग्लर परांजपेंचं घर हेच इरावतीचं दुसरं घर झालं. पुस्तकांनी भरलेलं, वाद घालणारं घर.

फर्ग्युसनमधून १९२६ साली तत्त्वज्ञानात पदवी, मग मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राचं एम. ए. लग्न झालं दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी. म्हणजे सासरे कोण, तर महर्षी धोंडो केशव कर्वे. विधवांच्या आणि मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य घालवलेला माणूस. आणि तरीही सुनेनं जर्मनीला जाऊन डॉक्टरेट करावी, हे सासऱ्यांना पसंत नव्हतं. (ही गोष्ट ऐकून आपल्याला धक्का बसतो. पण सुधारकांच्या घरातही प्रत्येक पायरीवर वेगळी लढाई असायची.) दिनकर मात्र ठाम राहिले. ते स्वतः जर्मनीत रसायनशास्त्राची डॉक्टरेट करून आले होते. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळालं आणि नोव्हेंबर १९२८ मध्ये, तेवीस पूर्ण व्हायच्या आत, इरावती बर्लिनला पोहोचल्या.

प्रोफेसरांना उत्तर आधीच हवं होतं

त्या जिथे शिकायला गेल्या ती संस्था म्हणजे बर्लिनच्या डालेम भागातली कैसर विल्हेल्म इन्स्टिट्यूट. मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि 'सुप्रजनन' यांसाठी १९२७ मध्ये सुरू झालेली. प्रमुख होते ऑयगेन फिशर. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत मिश्रवंशीय कुटुंबांची मापं घेऊन त्यांनी नाव कमावलं होतं. पुढे नाझींच्या वंशविषयक कायद्यांना ज्या शास्त्रज्ञांच्या कामाचा आधार मिळाला, त्यांत फिशर येतात. याच संस्थेकडे नंतर आउश्वित्झच्या छळछावणीतून योझेफ मेंगेलेनं नमुने पाठवले.

हे सगळं नंतरचं. १९२८ मध्ये नाझी सत्तेत नव्हते आणि फिशर हे युरोपातलं मोठं नाव होतं. त्यांनी इरावतींना विषय दिला तो कवटीच्या असममितीचा. म्हणजे कवटीची डावी आणि उजवी बाजू किती वेगळी असते, याचा. त्यामागे एक गृहीतक होतं. गोऱ्या युरोपियन माणसाच्या मेंदूची एक बाजू जास्त विकसित, म्हणून तो जास्त तर्कशुद्ध. आणि हा फरक कवटीच्या हाडातही दिसेल, इतर वंशांत तो तेवढा दिसणार नाही.

इरावतींनी १४९ कवट्या मोजल्या.

हा आकडा वाचून पुढे जाऊ नका. एका कवटीवर एक माप घ्यायचं नसतं. असममिती मोजायची तर प्रत्येक माप डाव्या बाजूला एकदा, उजव्या बाजूला एकदा घ्यावं लागतं आणि मग दोघांची वजाबाकी करावी लागते. खरी गोम या वजाबाकीत आहे. समजा डोळ्याच्या खोबणीपासून कानापर्यंतचं अंतर ७ सेंटिमीटर आहे. त्यात एक मिलिमीटर चुकला तर चूक दीड टक्क्याची. पण डाव्या-उजव्यातला फरकच दोन मिलिमीटरचा असेल, तर तोच एक मिलिमीटर म्हणजे पन्नास टक्के चूक. कॅलिपरचं टोक जरा पुढे टेकलं की वंशशास्त्राचा सिद्धांत सिद्ध, जरा मागे टेकलं की बाद! ज्याला मनातून एक उत्तर हवं आहे त्याचा हात कुठे सरकेल, हे सांगायला नको.

इरावतींचा हात सरकला नाही. निष्कर्ष असा निघाला की असममिती सगळ्याच माणसांच्या कवट्यांत असते आणि तिचा वंशाशी संबंध दिसत नाही. परक्या देशात, कर्जावर शिकत असलेली, वसाहतीतून आलेली विद्यार्थिनी. समोर गाईड म्हणून स्वतः संस्थाप्रमुख. त्यांच्याच गृहीतकाच्या विरोधात जाणारा प्रबंध तिनं त्यांच्याच टेबलावर ठेवला. चरित्रकारांच्या म्हणण्यानुसार फिशर यांनी तिला पास होण्यापुरती, अगदी खालची श्रेणी दिली. पण १९३० मध्ये डॉक्टरेट मिळाली.

या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. बर्लिनच्या संग्रहांतल्या अनेक कवट्या वसाहतींतून, बऱ्याचदा कबरी उकरून, आणलेल्या होत्या. अशाच एका संग्रहातल्या पूर्व आफ्रिकेतल्या सुमारे ११०० कवट्यांची तपासणी करून २०२३ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी टांझानियातले काही जिवंत नातेवाईकही डीएनएवरून शोधून काढले. ज्यांना नुसते नंबर होते, त्यांतल्या काहींना शंभर वर्षांनी घर मिळालं.

याचा दातांशी काय संबंध?

खूप जवळचा. इरावतींची डॉक्टरेट झाली त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९३१ मध्ये, अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ या दोघांनी स्वतंत्रपणे एक पद्धत मांडली. डोकं एका स्टँडमध्ये घट्ट धरून ठरावीक अंतरावरून बाजूचा एक्स-रे काढायचा. का? तर कवटी मोजण्याचं शास्त्र मेलेल्या माणसाच्या हाडांवर चालत होतं, ऑर्थोडॉन्टिस्टला मात्र जिवंत, वाढत्या वयाच्या मुलाची कवटी मोजायची होती. तुम्ही तार लावायला गेलात तर डोक्याचा जो 'साइड'चा एक्स-रे काढायला पाठवतात, तो हाच.

अजून एक धागा. कवट्या मोजणारे लोक आपापल्या पद्धतीनं कवटी तिरकी-सरळ धरायचे, त्यामुळे एकाचं माप दुसऱ्याच्या मापाशी जुळायचं नाही. १८८४ मध्ये जर्मनीत फ्रँकफर्टला ठरलं की डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड यांना जोडणारी रेष आडवी ठेवायची. आज दाताच्या एक्स-रे सेंटरमधला टेक्निशियन तुमची हनुवटी वर-खाली करतो ना, तो बहुतेक वेळा ही फ्रँकफर्टची रेषच जुळवत असतो.

आता हात की कॉम्प्युटर, याकडे वळू.

तार लावताना दातांची रुंदी कशाला हवी? वरचे आणि खालचे दात एकमेकांत नीट बसायचे तर त्यांच्या रुंदीचं गणित जमावं लागतं. वेन बोल्टन या अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्टनं १९५८ मध्ये, ज्यांचे दात उत्तम बसलेले आहेत अशा ५५ मॉडेल्सवर ते गणित मांडलं. खालच्या सहा पुढच्या दातांची एकूण रुंदी वरच्या सहांच्या सरासरी ७७.२ टक्के असावी आणि बारा-बारा दात धरले तर ९१.३ टक्के.

उदाहरण घेऊ. एका मुलीच्या वरच्या सहा दातांची बेरीज ४७ मिलिमीटर आली आणि खालच्यांची ३७. हे प्रमाण झालं ७८.७ टक्के. ७७.२ नुसार खालची बेरीज ३६.३ असायला हवी होती. म्हणजे खालचे दात ०.७ मिलिमीटरनं जास्त रुंद. ऑर्थोडॉन्टिस्ट विचार करेल की दातांच्या बाजू किंचित घासून जागा करायची का. पण समजा मोजणाऱ्यानं खालचा प्रत्येक दात फक्त ०.१ मिलिमीटर जास्त मोजलाय. सहा दातांचे झाले ०.६. म्हणजे तो 'दोष' जवळजवळ सगळा दातात नव्हताच, हातात होता. आणि एकदा घासलेलं इनॅमल परत येत नाही.

म्हणून वाद आहे. कॅलिपरची अडचण अशी की दात एकमेकांवर चढलेले असतील तर टोक मधल्या फटीत शिरतच नाही. आणि तार तर अशाच दातांना लागते! प्लास्टर घासलं जातं, तुटतं, आणि कपाटात वर्षानुवर्षं जागा अडवतं. स्कॅन फिरवता येतो, मोठा करता येतो, दुसऱ्या गावच्या डॉक्टरला पाठवता येतो. पण स्कॅनलाही आपली अडचण आहे. पडद्यावर दाताची कड नेमकी कुठे संपते हे बोटाला जाणवत नाही, ते डोळ्यानं ठरवावं लागतं. दोन दात घट्ट चिकटलेले असतील तर मधली भिंत स्कॅनरलाही दिसत नाही, तिथला आकार सॉफ्टवेअर अंदाजानं भरतं.

दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या अभ्यासांमध्ये बहुतेकदा एकच चित्र दिसतं. दोघांतला फरक मिलिमीटरच्या काही दशांशांच्या आत राहतो, उपचारासाठी तो चालण्यासारखा मानला जातो, आणि डिजिटलनं वेळ वाचतो. पण दोन्हीकडे सर्वात मोठा फरक पाडतो तो मोजणारा माणूस. त्यामुळे नीट केलेल्या अभ्यासात तेच मॉडेल तोच माणूस काही दिवसांनी पुन्हा मोजतो आणि दुसराही कुणी मोजतो, पहिले आकडे न बघता. कॅलिपरचा आकडा डिजिटल डिस्प्लेवर दिसला म्हणून माप अचूक झालं असं नाही. अकरावीच्या प्रॅक्टिकलला एकाच गोळीचे चार मित्रांनी चार व्यास काढलेले ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

बोल्टनच्या ५५ मॉडेल्सबद्दलही नंतर प्रश्न उभे राहिले. ते कुठल्या समाजातले, त्यांत मुली किती आणि मुलगे किती, हे शोधनिबंधात दिलेलं नाही. मग तो ७७.२ चा आकडा कन्नड-वैजापूरच्या मुलाला तसाच लावायचा का? भारतातल्या वेगवेगळ्या भागांत दातांची मापं घेऊन हे गणित पुन्हा तपासण्याचं काम म्हणूनच चालू राहिलं. सॉफ्टवेअर कितीही नवं असो, आत तुलनेसाठी बसवलेला आकडा कुणाच्या तोंडातून आलाय हे विचारायलाच हवं.

परत आल्यावर कॅलिपर खाली ठेवला का?

नाही. आणि इथे इरावतींची गोष्ट जरा अवघड होते.

परत आल्यावर १९३१ ते १९३६ त्या एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या रजिस्ट्रार होत्या. कारकुनी कामात त्यांचं मन रमण्यासारखं नव्हतं. १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्राच्या प्रपाठक झाल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. तिथून त्यांनी जे काम केलं त्यातलं मोठं काम म्हणजे महाराष्ट्रभर आणि बाहेरही माणसं मोजणं. उंची, डोक्याची लांबी, डोक्याची रुंदी, नाक. डोक्यासाठी वाकड्या पायांचा कॅलिपर, नाकासाठी सरळ सरकणारा. एसटी, बैलगाडी, पायी, जसं जमेल तसं गावोगाव जायचं, परक्या माणसाला बसवायचं, त्याच्या डोक्याला धातूचं अवजार लावायचं आणि आकडा लिहून घ्यायचा. बाई असं करतेय हे तेव्हा लोकांना किती विचित्र वाटत असेल, कल्पना करा. (पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या सुरुवातीच्या महिलांमध्येही त्यांचं नाव घेतात. लोकांच्या नजरांची त्यांना सवय असावी.)

१९५१ मध्ये त्यांनी आणि अर्थशास्त्रज्ञ-संख्याशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी मिळून महाराष्ट्रातल्या मापांचा ग्रंथ डेक्कन कॉलेजतर्फे काढला. दांडेकरांचं नाव तिथे असणं महत्त्वाचं आहे. नुसती सरासरी काढून चालत नाही, दोन गटांतला फरक खरा आहे की योगायोगाचा, हे तपासणारं गणित लागतं.

या मापांचा उपयोग त्यांनी जातीचा उगम समजून घेण्यासाठी केला. गुरू घुर्ये यांचं म्हणणं होतं की मोठ्या जाती फुटून पोटजाती झाल्या. इरावतींना मापांत वेगळं दिसलं. एकाच नावाखाली येणारे, पण आपापसात लग्न न करणारे गट शरीरानं एकमेकांपासून बऱ्यापैकी वेगळे निघत. म्हणजे ते एका मुळाचे तुकडे नसून वेगवेगळे गट एका नावाखाली आले असावेत, असा त्यांचा तर्क. गाईडच्या विरोधात जाण्याची ही दुसरी वेळ.

पण ज्या बाईनं बर्लिनमध्ये वंश आणि कवटी यांचा संबंध नाही असं दाखवलं, तिनंच पुढे अनेक वर्षं जातींची डोकी मोजावीत? अभ्यासकांनी हा प्रश्न विचारलाय. समाजशास्त्रज्ञ नंदिनी सुंदर यांनी इरावतींवर लिहिताना त्यांच्या या जर्मन वळणाकडे बोट दाखवलं आहे. मला विचाराल तर हा आक्षेप खरा आहे. इरावतींनी कुठल्या जातीला श्रेष्ठ ठरवायला माप वापरलं नाही, फिशर यांच्यात आणि त्यांच्यात हा जमीन-अस्मानाचा फरक. पण माणसांचे गट शरीराच्या मापानं ओळखता येतात, ही चौकट त्यांनी पूर्ण सोडलीही नाही. आज हेच प्रश्न जनुकांवरून तपासले जातात.

आपण त्यांना मुख्यतः ओळखतो ते मात्र मापांसाठी नाही. १९५३ मधला भारतातल्या नातेसंबंधांवरचा इंग्रजी ग्रंथ, 'परिपूर्ती', 'भोवरा', 'गंगाजल' यांतले ललित लेख, आणि महाभारतातल्या माणसांवरचं 'युगान्त'. त्याला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कुंती, द्रौपदी, कर्ण यांच्याकडे त्यांनी देव म्हणून पाहिलं नाही, त्यांना जे करताना दिसलं ते लिहिलं. कवटीसमोर बसतानाची शिस्त इथेही दिसते, असं मला वाटतं.

शेवटच्या वर्षांतही त्या थांबल्या नव्हत्या. १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रा यांच्यासोबत त्यांनी एकाच सामाजिक दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची शारीरिक तुलना प्रसिद्ध केली. १९६९ मध्ये कोयना धरणानं विस्थापित झालेल्या लोकांची पाहणी, मुलगी जाई निंबकर यांच्यासोबत. तिथे मोजायचं होतं ते वेगळं: कोणाला किती जमीन मिळाली, कोणाचं घर कुठे गेलं. ११ ऑगस्ट १९७० ला इरावती गेल्या.

त्याआधी, १९४० च्या दशकात, त्या ह. धी. सांकलिया यांच्यासोबत गुजरातेतल्या लांघणजला उत्खननात होत्या. तिथे अश्मयुगीन माणसांचे सांगाडे सापडले आणि ते अभ्यासण्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. सांगाड्यात सगळ्यात चिवट काय, तर दात. हाड मातीत विरघळतं, इनॅमल टिकतं. डेक्कन कॉलेजनं १९६८ मध्ये पुणे जिल्ह्यातलं इनामगाव खणायला घेतलं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची दफनं निघाली, त्यात घराच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुलंही होती. या सांगाड्यांवर पुढे जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी काम केलं. त्या मुलांचे दुधाचे दात एकेक करून मोजले गेले, ते कॅलिपरनं.